पिशवीतल्या चपला

अनवाणी पायांचा आवाज चपलांच्या आवाजापेक्षा मोठा असतो, हे तामलवाडीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एखाद-दुसरं माणूस गेलं तर काही कळत नाही. पण कोजागरी जवळ आली, की सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेली माणसं उजाडताना आमच्या दारावरून जायला लागत आणि डांबरी रस्त्यावर पायांची सपसप सुरू होई, ती दुपारपर्यंत थांबत नसे. मध्येच हलगी, मध्येच संबळ, मध्येच कुणीतरी दमल्या गळ्यानं "आई राजा उदो उदो" म्हणे आणि मागचे लोक साथ देत. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि अंदाज बांधायची: हा लंगडतोय, ही बाई जड अंगाची आहे, या पोराला आता उचलून घ्यायची वेळ आली आहे. मग उठून पडवीत जाऊन बघायचं, आपलं बरोबर आलं का. बहुतेक वेळा चुकलेलं असायचं, पण म्हणून काही मी अंदाज बांधायचं सोडलं नाही.

आमचं घर रस्त्याला लागून होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी ते एक. बाबा शाळेत मास्तर, मूळचे बेंबळीचे. आई सोलापूरची. तिची आई तिथल्या एका मिशन दवाखान्यात आया होती, त्यामुळे आई लहानपणापासून औषधाच्या वासात वाढलेली. मी एकुलती एक. माझं नाव सुवार्ता, पण घरात आणि गावात सगळे वार्ता म्हणत, आणि मी कुणाच्याही घरात काय शिजतंय, कोण आलंय, का आलंय हे विचारत हिंडायची, म्हणून बाबा मला 'वार्ताहर' म्हणत. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. तो जगला नाही, आणि त्यानंतर आईला मूल झालं नाही. हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. गावातल्या बायका मात्र बोलत. दळणाच्या रांगेत, विहिरीवर, अगदी मायेनं त्या आईला सांगत की तुळजापूर काय लांब आहे, एवढा एक नवस बोलून बघावा, मुलगा देईल देवी. आई हसून पदर नीट करी आणि विषय बदले.

चालणाऱ्यांची सेवा आईनं कधी सुरू केली ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ती होतीच. कोजागरीच्या आधी आई पडवीत दोन घमेली मांडायची. चुलीवर हंडा चढायचा, त्यात कडुलिंबाचा पाला आणि खडे मीठ. बाबा पाणी शेंदून आणायचे आणि तापवायचे. पायांना हात लावायचं काम आईचं. बाबांना ते जमत नसे. पाय या गोष्टीचाच त्यांना संकोच होता. शाळेत पोरं वाकून पाया पडायला आली तर ते दोन पावलं मागे सरकत आणि म्हणत की माणसाच्या पाया पडायचं नसतं. बाहेरच्या माणसाचा पाय हातात घ्यायची वेळ आली, की त्यांना हमखास विहिरीवर जायचं आठवे. आई ओळखून होती. ती म्हणायची, "मास्तरांचं पानी लई चांगलं असतंय," आणि तेवढ्यावर दोघांचं भागायचं.

या कामाची तयारी मात्र वर्षभर चाले, आणि तीच मला सगळ्यात जास्त आवडायची. संध्याकाळी जेवणाआधी आमच्याकडे प्रार्थना व्हायची. बाबा कंदिलाजवळ बसून बायबल वाचत आणि आई व मी जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत असू. लुगडी शेजारपाजारहून मागून आणलेली, सोड्यात उकळून, उन्हात कडक वाळवलेली. फाडताना होणारा चर्र आवाज वाचनात नको, म्हणून फाडायचं काम आधी उरकून घ्यायचं. गुंडाळी घट्ट झाली पाहिजे, नाहीतर आई ती उलगडून परत करायला लावी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मी कित्येकदा पट्टी गुंडाळतानाच ऐकली आहे. मला त्या वेळी एकच प्रश्न पडायचा, की पाणी गरम होतं का गार. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, लिहिलेलं नाही. आई म्हणाली, गरमच असणार, चालून आलेल्या माणसाला गार पाणी कोण देतं.

चूल पेटलेलीच असायची, म्हणून आई हुलग्याचं माडगं पण करायची. गुळाचं, पातळ, वर सुंठीचा वास. ते प्यायल्यावर माणूस उठून उभा राहतो असं ती म्हणे. पण ख्रिस्ती म्हणजे आधीचे कोण, हे आमच्या भागात सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे गंमत अशी व्हायची, की काही माणसं पाय खुशाल आईच्या हातात देत आणि माडग्याची वाटी पुढे केली की पोट भरलंय म्हणत. मी रागानं लाल व्हायची. आईला मी विचारलं होतं, तुला काहीच वाटत नाही का. तिनं घमेल्यातलं पाणी ओतता ओतता सांगितलं, की वाटतं, पण पाय दिला हे काय थोडं झालं. आज सत्तरीच्या उंबरठ्यावर बसून मी हे लिहिते आहे आणि मला अजून तो राग येतो. आईसारखं मन मला मिळालं नाही. जीभ मात्र मिळाली.

आईचा एक नियम होता आणि तो माझ्या जिवावर येई. पाय धुताना विचारायचं नाही. गाव कुठलं, नवस कशाचा, घरी कोण आजारी आहे, काही काही विचारायचं नाही. माणूस आपणहून बोललं तर ऐकायचं. आता सांगा, समोर एक म्हातारा तळव्याची साल निघालेली असताना हसतोय, एक पोरसवदा बाई रडत रडत चालतेय आणि थांबायचं म्हटलं तर नाही म्हणतेय, आणि माझ्यासारख्या पोरीनं विचारायचं नाही. मी एकदा कारण विचारलं. आई म्हणाली, पाय दुसऱ्याच्या हातात असला की माणसाला उठून जाता येत नाही, अशा वेळी विचारणं म्हणजे अडवून विचारणं. आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, सोलापूरहून रविवारी एस.टी.नं येत. चांगला माणूस, आवाज मऊ. त्यांनी एका वर्षी शुभवर्तमानाच्या पत्रकांचा गठ्ठा आणून दिला आणि प्रत्येकाला एक द्या म्हणाले. आईनं गठ्ठा नीट फळीवर ठेवला. पुढच्या रविवारी त्यांनी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, माजं हात सकाळधरनं वल्लं. वल्ल्या हातानं कागद कसा द्यावा?" पाळकसाहेब हसले, पण मंडळीतले काही जण हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की वचन न देता नुसते पाय धुतले, तर आपण त्यांना देवीपर्यंत पोचवायचंच काम करतोय. आणि गावातल्या दोघा-चौघांचं म्हणणं बरोबर उलट होतं, की मास्तरीणबाई पाय धुता धुता माणसं बाटवते. बाबा दोन्हीकडचं ऐकून घरी येत आणि जेवायला बसत. ते मंडळीचे पंच होते, प्रभुभोजनाच्या दिवशी, येशूच्या आठवणीचा पाव वाटताना, ताट तेच फिरवत, ठपका असलेल्या माणसापुढे ते थांबत नसे, आणि त्या कामाला त्यांच्या लेखी नोकरीपेक्षा जास्त किंमत होती.

हिरव्या लुगड्यातली बाई आली ती सकाळ चांगली वर आल्यावर, गर्दी ओसरत असताना. एकटीच होती. जड अंगाची, आईच्याच वयाची, कपाळाला घामानं ओघळलेलं कुंकू. बरोबरचे लोक पुढे गेले होते. ती पडवीच्या खांबाला टेकली, पण पाय घमेल्याकडे करेना. टाच जमिनीला लागू देत नव्हती आणि टाचेभोवतीची माती काळी, ओली झालेली होती. आईनं पाट पुढे सरकवला. बाईनं हातानंच नको म्हटलं.

"हात लावायचा न्हाय पायाला," ती म्हणाली. तिच्या बोलण्याला अक्कलकोटकडचा कानडी हेल होता. "पाय हाय तसाच आईला दावायचा हाय. तसंच बोलून निगाले म्या. मदी धुवायचा न्हाय, बांदायचा न्हाय."

आईनं नुसतं बघू का म्हणून विचारलं. बघायला बाईची हरकत नव्हती. आई गुडघ्यावर बसली, दोन्ही हात पाठीमागे धरून वाकली आणि टाचेकडे बघत राहिली. मीही वाकले. काच होती. बाटलीची असावी, आत गेलेली, आणि भोवती सगळं सुजून तांबडं झालेलं. आईचा चेहरा मी ओळखत होते. तिनं समजावून बघितलं, की हे असं चाललं तर पाय जाईल. बाई म्हणाली, जाऊ दे. हे ती हट्टानं म्हणाली नाही, हिशेब झालेला असावा तसं म्हणाली. आणि खांबाला धरून रस्त्याकडे वळली.

आई उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दर्शन झाल्यावर तर हात लावू द्याल?"

बाईनं विचार केला. नवसात दर्शनानंतरचं तिनं काही बोललेलं नव्हतं. "तवा चालंल," ती म्हणाली.

"मंग म्या संगं येते. माज्या खांद्याला धरा. पायाला हात लावत न्हाय."

बाईनं आईला खालून वरपर्यंत बघितलं आणि तिची नजर आईच्या पायांवर थांबली. आईच्या पायांत चामड्याच्या जुन्या चपला होत्या. बाईनं सांगितलं, की चप्पल घातलेल्या माणसाचा आधार तिला चालणार नाही, नवसाच्या वाटेवर आधार घ्यायचा तर तो अनवाणी माणसाचाच. आईनं एका क्षणाचाही उशीर न करता चपला काढल्या आणि पिशवीत टाकल्या. वरून तिचा बिस्किटांचा डबा ठेवला, ज्यात चिमटा, आयोडिनची बाटली आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या असत. पिशवी माझ्या खांद्याला दिली.

बाबा तेवढ्यात पाण्याच्या घागरी घेऊन आले. आई अनवाणी, शेजारी भंडाऱ्याची पिशवी गळ्यात घातलेली बाई, आणि दोघी तुळजापूरच्या दिशेला तोंड करून उभ्या. आईनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाबांनी घागरी खाली ठेवल्या. त्यांना राग आला नव्हता, ते घाबरले होते. हे मला आता कळतं.

"शांता, तू कुठंबी जा," ते हळू आवाजात म्हणाले. "पण चप्पल घालून जा. एवढंच ऐक माझं. रविवारी प्रभुभोजन आहे."

"चप्पल घातली तर ती धरंना मला," आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.

तो रस्ता आता चौपदरी झाला आहे. दुतर्फा मंडप लागतात, पाय दाबायची यंत्रंसुद्धा आणतात, पाण्याच्या बाटल्यांचे डोंगर पडलेले असतात, आणि चालणारी पोरं एका हातात फोन धरून घरच्यांना आपले पाय दाखवतात. मला ते बघायला आवडतं. धाराशिवला नात्यातल्यांकडे जाताना मी मुद्दाम त्या दिवसांत जाते आणि खिडकीशी बसते. पण त्या दिवशी रस्ता अरुंद होता, झाडं कमी आणि पावसाळ्यानंतरचं ऊन असं, की डांबर चिकटत होतं. आईला अनवाणी चालायची सवय नव्हती. ती खड्यांवरून आधी चुकवत चुकवत चालली, मग चुकवायचं सोडून दिलं. बाईचं सगळं वजन तिच्या डाव्या खांद्यावर. मी मागून दोघींचे पाय बघत चालले होते. बाईच्या टाचेचा ओला ठसा रस्त्यावर उमटायचा आणि लगेच वाळायचा.

चालताना बाईच बोलली. आईला किती मुलं, तिनं विचारलं. आई म्हणाली, ही एकच. बाईनं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि मग आईच्या खांद्यावरचा हात थोडा दाबला. "येवडी चालत निगालीस, तर माग की आईला. आनवानी आलेल्याचं ती ऐकतीय," ती म्हणाली. माझे कान टवकारले. मी एवढ्या वर्षांत इतक्या लोकांना विचारायचे प्रश्न गिळलेली पोर, आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी आईलाच विचारत होतं. आई काही बोलली नाही. हसलीही नाही. नुसती पुढे बघत चालत राहिली, आणि मला तिचा चेहरा मागून दिसत नव्हता.

घाटाच्या अलीकडे एक एस.टी. आमच्यापुढे जाऊन थांबली. मागच्या दारातून याकोबकाका उतरले. ते आमच्याच मंडळीतले, त्या रस्त्याच्या गाडीवर कंडक्टर. त्यांनी खिडकीतून आईला ओळखलं होतं आणि घंटी मारून भरलेली गाडी थांबवली होती. "वहिनी, चढा, जागा करतो," ते म्हणाले आणि तेव्हा त्यांचं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. मग बाईच्या गळ्यातल्या पिशवीकडे. मग परत आईच्या पायांकडे. आई म्हणाली, आम्ही चालतच जाणार. गाडीतली माणसं डोकी बाहेर काढून बघत होती, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. याकोबकाका वर चढले आणि त्यांनी घंटी मारली. त्यांच्या जागी मी असते तरी मी दुसरं काय समजले असते? मी तर बरोबर चालत होते आणि मलाच नक्की ठाऊक नव्हतं.

तुळजापुरात महाद्वारापाशी एवढी गर्दी होती, की माझे पाय जमिनीला लागत नव्हते. कुंकवाचे ढीग, बांगड्यांची दुकानं, परड्या, कवड्यांच्या माळा, नारळ फुटल्याचे आवाज. मी तिथं आधी कधी गेले नव्हते. एवढ्या जवळ राहून कधीच नाही, कारण आम्हाला तिथं काम नसे. माझे डोळे सगळीकडे धावत होते. आईनं कानडी बोलणाऱ्या बायकांचा एक जथा गाठला, बाईचं गाठोडं आपल्याकडे घेऊन तिला त्यांच्या हवाली केलं आणि हातवारे करून सांगितलं की तिला भिंतीच्या बाजूनं न्या. बाई पायऱ्या उतरून गर्दीत दिसेनाशी झाली. आई द्वाराच्या बाहेर, बांगड्यांच्या एका दुकानाच्या कडेला उभी राहिली. आतून "उदो उदो"चा गजर उठला, बाहेरच्यांनी तो उचलला, आणि त्या आवाजात मी वर बघितलं तर आईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

हात जोडलेले नव्हते. एका हातात माझं मनगट होतं आणि दुसऱ्यात बाईचं गाठोडं. मी तिला हलवलं आणि विचारलं, काय म्हणालीस. तिनं डोळे उघडले. "गर्दीत तिच्या पायावर कुनाचा पाय पडू ने म्हनलं," ती म्हणाली.

बाई आली तेव्हा तिचं सगळं कपाळ कुंकवानं भरलेलं होतं आणि चेहरा असा मोकळा, की ती तीच बाई का, असं वाटावं. ती दुकानाच्या पायरीवर बसली, पाय उचलून आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घे. आता तुजा." बांगडीवाल्यानं त्याच्या माठातलं पाणी दिलं. आईनं काच काढली तेव्हा बाईनं माझा हात इतका जोरात दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं धुऊन, आयोडिन लावून, पट्टी बांधून झाली. मग तिनं माझ्या तळहातावर एक पेढा ठेवला. मी तो लगेच खाल्ला. आईला ती काही द्यायला गेली नाही. तिनं नुसता आईच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तिचं नाव आम्ही विचारलं नाही, आणि तिनंही आमचं विचारलं नाही.

परत येताना आम्ही एस.टी.नं आलो. आईनं चपला पिशवीतून काढून बघितल्या, पाय घालायचा प्रयत्न केला आणि परत ठेवून दिल्या. तळव्यांना फोड आले होते. त्यामुळे दिवेलागणीला, स्टँडवर सगळं गाव असताना, मास्तरीणबाई तुळजापूरच्या गाडीतून अनवाणी उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहिरीवरच्या बायका आईकडे वेगळ्याच आनंदानं बघायला लागल्या होत्या आणि मंडळीतल्या बायका बघेनाशा झाल्या होत्या. बाबांनी प्रार्थनेला वाचलं, पण आवाज कोरडा होता. आई पाय पदराखाली घेऊन बसायची आणि कुणाचं लक्ष नसताना भिंतीला धरून चालायची. घरात पट्ट्यांचा डबा भरलेला होता, पण तिला स्वतःला पट्टी बांधलेली मी बघितली नाही. बांधली असती तर ती दिसली असती, आणि दिसली असती तर विचारणं आलं असतं.

रविवारी उपासनेआधी अंगणातल्या लिंबाखाली पंच बसले. याकोबकाकांनी जे बघितलं तेच सांगितलं, मीठमसाला न लावता, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. पाळकसाहेबांनी आईला विचारलं, की शांताबाई, तुम्ही काही नवस बोलला होता का. मुलासाठी, हे ते म्हणाले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू आलं. बाबा माझ्यासमोरच बसले होते. आईनं सरळ नाही म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"साहेब, म्या येवड्या लोकांचं पाय धुतलं, कवा कुनाला विचारलं न्हाय," आई म्हणाली. "मलाबी नका विचारू."

मग एका वडीलधाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं, की पोरगी बरोबर होती. आयुष्यभर प्रश्न विचारणारी मी, आणि पहिल्यांदा मला प्रश्न विचारला गेला. आईनं देवीच्या दारात हात जोडले का? मी सांगितलं, नाही, एका हातात मी होते आणि एका हातात गाठोडं होतं. डोळे मिटले का? मिटले. ती घरीसुद्धा डोळे मिटूनच प्रार्थना करते, मी म्हणाले. काय म्हणाली ते ऐकलं का? "गर्दीत तिच्या पायावर कुनाचा पाय पडू ने, असं म्हनली." प्रसाद घेतला का? "म्या घेतला. पेढा हुता. आईला दिलाच न्हाय," मी म्हणाले, आणि याकोबकाका फिसकन हसले, मग सगळ्यांनाच खोकला आला. पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. शेवटी ते म्हणाले, उपासनेला उशीर होतोय. आणि उठताना बाबांना म्हणाले, "मास्तर, ताट तुमच्या हातात असतं. तुम्ही ठरवा."

हे त्यांनी शहाणपणानं केलं की अंग काढून घेतलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मत दरवेळी बदलतं.

बायका सतरंजीवर बसायच्या. आई त्या दिवशी अगदी मागे, भिंतीपाशी, पाय एका बाजूला दुमडून बसली होती. ताट घेऊन बाबा एकेक रांग करत आले. मी आईला चिकटून बसले होते. आमच्या रांगेत आल्यावर बाबा थांबले. ते वाकले, ताट खाली आणलं, आणि मध्येच तसेच राहिले. मला वाटलं, आता ते पुढे जाणार. मग मी त्यांची नजर कुठं आहे ते बघितलं. लुगड्याच्या काठाखालून आईचे तळवे बाहेर आले होते. फोड फुटून कातडी लोंबत होती, काही ठिकाणी मांस दिसत होतं, आणि एका जागी खडा अजून आतच होता. इतके दिवस एका घरात राहून बाबांनी ते पाय बघितलेले नव्हते. त्यांनी ताट आईपुढे धरलं. तिनं एक तुकडा घेतला.

त्या संध्याकाळी बाबांनी बायबल उघडलं नाही. त्यांनी चुलीवर हंडा चढवला, कडुलिंबाचा पाला तोडून आणला, मीठ इतकं टाकलं की एरवी आई ओरडली असती. आईला पाटावर बसवलं आणि घमेलं तिच्यापुढे ठेवून स्वतः जमिनीवर बसले. पाण्याचा ऊनपणा बघायला आई कोपर बुडवायची, म्हणून त्यांनीही कोपर बुडवलं आणि चटका बसून ओढून घेतलं. मग गार पाणी घातलं, जास्त झालं, परत गरम घातलं. आई बघत होती. पाय कसा धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. खडूची सवय असलेली ती बोटं टाचेखाली नीट बसेनात. शेवटी त्यांनी तो पाय दोन्ही हातांत धरला आणि पाण्यात सोडला. मी डब्यातून पट्टीची गुंडाळी काढून तयार ठेवली.

आई म्हातारी होऊन, माझ्याच घरी, माझ्याच हातचं जेवून गेली. शेवटी शेवटी मी तिचे पाय धुवायची, आणि तेव्हाही माझ्या जिभेवर तो प्रश्न यायचा. बाईनं सांगितलं तेव्हा घाटाआधी ती काहीच का बोलली नाही. द्वाराशी मिटलेल्या डोळ्यांमागे पायाशिवाय आणखी काही होतं का, आणि असलं तर ते तिनं कुणाला सांगितलं. मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी, घमेल्यापाशी, तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी तिला विचारलेला मी ऐकला होता, आणि उत्तरही ऐकलं होतं.

बाबांनी खडा काढला, बघितला आणि चुलीत टाकला. मग खाली बघतच म्हणाले, "शांता, मला तर सांग. मागितलंस का काही?"

आईनं ओला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी त्या दोघांना तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

"पाय धुताना विचारायचं नसतंय वो," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि दुसरा पाय हातात घेतला.